पॅक वाळेपर्यंत

बॅगेला चाकं होती आणि बाळाला नव्हती, सगळी अडचण तिथूनच सुरू झाली होती.

बॅग काळी, नऊ वर्षांची, एका चाकाने किंचित लंगडी. आत वॅक्सचा डबा आणि हीटर, छोटा स्टीमर, थ्रेडिंगचे दोरे, सतरा टॉवेल, घडीचं स्टूल आणि हिरव्या फेस पॅकची मोठी बरणी. ही बॅग ओढत ती घरोघर जायची. कुणाच्या बेडरूममध्ये भुवया, कुणाच्या बाल्कनीत टाचा, कुणाच्या स्वयंपाकघरात केस. काही बायकांना पार्लरला जायला वेळ नसतो आणि काहींना तिथे ओळखीचं कुणीतरी भेटेल याची धास्ती असते. या दोन्ही जातींची गिऱ्हाइकं तिच्याकडे भरपूर. फोनमध्ये तिने कुणाचंच नाव लिहिलेलं नव्हतं. 'भुवया तिसरा मजला', 'टाचा काकू', 'वरचा ओठ, कुत्रा आहे' अशा नोंदी. नवऱ्याने एकदा तिचा वाजणारा फोन उचलला आणि मोठ्या आदबीने विचारलं, "कोण, वरचा ओठ का?" ते गिऱ्हाईक कायमचं गेलं.

बाळ म्हणजे आठ महिन्यांची मुलगी. घरात तिला बाईसाहेब म्हणायचे, कारण तिचं म्हणणं पहिल्या हाकेला ऐकलं गेलं नाही तर ती दुसरी हाक सगळ्या इमारतीला ऐकवायची. बाईसाहेबांना आई सोडून कुणीही चालत नसे. बापाला ती दहा मिनिटं सहन करायची, तीही कपाळाला आठ्या घालून. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं माझ्याकडे बघतात तश्शी बघते ही."

बाळंतपणानंतर तिने पुन्हा काम धरलं ते बाईसाहेबांच्या झोपेत उरकतील अशा अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी. पण भुवयांवर संसार चालत नाही आणि मनही भरत नाही. तिला तिचं काम आवडायचं, अगदी मनापासून आवडायचं. बाई खुर्चीत बसते तेव्हा कावलेली असते आणि उठते तेव्हा आरशात बघून स्वतःशीच जरा बरं वागते, हे दिवसातून चारदा बघायला मिळणं तिला मोठं भाग्याचं वाटायचं.

त्यातही खरा मान होता तो हिरव्या पॅकला. पॅक ती घरीच करायची. हिरवी माती, पुदिना, काकडीचं पाणी आणि आणखी दोन गोष्टी, ज्या तिने नवऱ्यालाही सांगितल्या नव्हत्या. पॅकचा नियम एकच, तो वाळेपर्यंत बोलायचं नाही आणि हसायचं नाही. बायका मान डोलवायच्या, ती भांडी धुवायला आत जायची आणि परत आली की चेहऱ्यावरच्या चिरा वाचायची. ओठांच्या कडेला उभ्या चिरा पडल्या तर बाई बोलली. कपाळावर आडव्या पडल्या तर फोनमध्ये काहीतरी नको ते वाचलं. आणि डोळ्यांखाली बारीक जाळी आणि गालांवर कमानी दिसल्या तर हसली, आणि नुसती ओठांवर नव्हे, पोटातून हसली. यात तिला आजवर कुणी फसवू शकलं नव्हतं.

तर आता शनिवार आला होता. 'भुवया तिसरा मजला' यांच्या मुलीचं लग्न. नवरी, नवरीची आई, दोन मावश्या, एक आत्या, एक चुलतबहीण असे सहा चेहरे, सकाळी आठ ते बारा. याच बाईंना तिने आधी दोनदा आयत्या वेळी नाही म्हटलं होतं, दोन्ही वेळा बाईसाहेबांच्या कृपेने.

"जमणार नसेल तर आत्ताच सांग," तिसरा मजला फोनवर म्हणाल्या. "कोपऱ्यावरचं पार्लर घरी माणसं पाठवतंय. तुझ्यावर जीव आहे म्हणून विचारते, पण लग्न माझ्या मुलीचं आहे."

"जमणार म्हणजे जमणार," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. त्या इमारतीत साठ घरं होती आणि तिसऱ्या मजल्याचा शब्द साठही घरांत चालायचा. हे काम हातचं गेलं तर बॅग माळ्यावर टाकायची, असं तिने ठरवून टाकलं. रोज नाही म्हणत जगण्यापेक्षा ते बरं. मात्र त्यांच्या माळ्याची कीर्ती तिला ठाऊक होती. नवऱ्याची गिटार तिथे गेली होती, व्यायामाची सायकल गेली होती. वर गेलेलं काहीही कधी खाली आलेलं नव्हतं.

तशी तिने खटपट कमी केली नव्हती. आधी नणंदेला विचारलं. नणंदेने स्वतःची दोन वाढवलेली, त्यामुळे आवाजात भलता आत्मविश्वास. "दे गं इकडे. माझ्याकडे कुठलंही मूल रडत नाही." चाळीस मिनिटांनी नणंदेचा फोन आला तेव्हा दोघी रडत होत्या, आणि त्यातली कोण कुठली हे आवाजावरून कळेना.

मग पाळणाघर झालं. तिथे तीन पानी अर्ज होता आणि त्यात 'बाळाचे छंद' असा रकाना होता. तिने 'आई' असं लिहिलं. पाळणाघरात आणखी चौदा मुलं होती. बाईसाहेबांनी भोकाड पसरलं, शेजारच्याने साथ दिली, आणि पाच मिनिटांत पंधराच्या पंधरा मुलांनी घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पाळणाघरवाल्या बाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "जागा भरली हो," त्या म्हणाल्या. त्यांच्या मागे तीन रिकामे पाळणे स्पष्ट दिसत होते.

राहता राहिल्या सासूबाई. पण त्यांना विचारायची सोय नव्हती. सासूबाई पलीकडच्या गल्लीत एकट्या, स्वखुशीने राहायच्या. एकतीस वर्षं ग्रंथपाल होत्या आणि निवृत्त झाल्या तरी त्यांच्या घरात माणसं आपोआप हळू बोलायची. नात जन्मली त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं होतं, "मी बघायला येईन. सांभाळायला नाही. दोन मुलं आणि चाळीस हजार पुस्तकं सांभाळून झाली, आता पुरे." सुनेच्या कामाबद्दलही त्यांचं मत पक्कं होतं. "लोकांचे केस उपटायचे आणि वर त्यांनीच आपले आभार मानायचे. कमाल आहे." त्यांच्या चेहऱ्याला साबण आणि पाणी याखेरीज कशाचा स्पर्श झालेला नव्हता, आणि हसताना त्यांना पाहिल्याचं सुनेला तरी आठवत नव्हतं.

मंगळवारी नाइलाजाने ती बाईसाहेबांना काखोटीला मारून टाचा काकूंकडे गेली. काकू गुबगुबीत आणि गप्पिष्ट. टाचा झाल्या, मग काकू म्हणाल्या, चेहराही करून टाक. तिने पॅक लावला, मुलीला टॉवेलवर रिकामी डबी देऊन बसवलं आणि कोमट पाणी आणायला आत गेली. बाहेर शांतता. आई झाल्यापासून तिला शांततेची फार भीती वाटायची. ती धावत आली, तर बाईसाहेब काकूंच्या पोटावर बसलेल्या, दोन्ही हातांनी काकूंची हिरवी हनुवटी धरलेली, आणि तोंड कानापर्यंत पसरलेलं. काकूंच्या पॅकची पार जाळी झाली होती.

"काकू, हसलात ना?"

"अगं, हसू नको तर काय करू!" काकू म्हणाल्या. "शनिवारी माझ्याकडेच ठेव हिला. गुणाची पोर आहे!"

गुणाची पोर! हा शब्द बाईसाहेबांसाठी आजवर कुणी वापरला नव्हता. तिचा जीव भांड्यात पडला. बुधवारी रंगीत तालीम करायची ठरली. तिने मुलीला काकूंच्या हाती दिलं आणि जिना उतरू लागली. दुसऱ्या मजल्यावर पोचते न पोचते तोच वरून भोंगा सुरू झाला. ती वर धावली. दारात काकू, स्वच्छ धुतलेल्या, पावडर लावलेल्या चेहऱ्याच्या, आणि रडवेल्या. "अगं, काल तर किती गोड होती! मी काय केलं हिला?"

ती मुलीला घेऊन घरी आली आणि दुपारभर विचार करत बसली. काकू त्याच, खोली तीच, सोफा तोच. मग काल होतं आणि आज नव्हतं ते काय? समोर ओट्यावर बरणी होती, आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

कामाच्या बाबतीत ती फार काटेकोर होती. पॅकचा प्रत्येक नवा घाणा गिऱ्हाइकाला लावण्याआधी ती स्वतःच्या तोंडाला लावून बघायची. आणि बाळ झाल्यापासून स्वस्थ बसायची वेळ एकच, मुलीला पाजायला घेतलं की. म्हणजे गेले आठ महिने बाईसाहेबांनी पोटभर जेवताना वर पाहिलं तेव्हा त्यांना बहुतेक वेळा हिरवं तोंड दिसलं होतं. त्यांच्या लेखी माणसाचं तोंड हिरवंच असतं. ही बाकीची बिनरंगी तोंडं घेऊन फिरणारी माणसं म्हणजे काहीतरी गडबड आहे, असा त्यांचा प्रामाणिक समज झाला होता.

"वेड लागलंय तुला," संध्याकाळी नवरा म्हणाला.

"बस खुर्चीत."

"अगं, माझी दाढी..."

"दाढीच्या वर लावते. बोलू नकोस, चिरा पडतात."

हिरवा झालेला नवरा बाळापुढे जाऊन उभा राहिला. बाईसाहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी आपण होऊन दोन्ही हात बापाकडे पसरले. नवऱ्याने तिला उचलून घेतलं, आणि त्याला इतकं भरून आलं की पॅकचे दोन ओघळ थेट दाढीत गेले. पुढे दोन दिवस कंगव्याला माती लागत होती.

पण शनिवारी त्याची तातडीच्या कामांची पाळी होती. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने दार उघडताच हिरवा मेकॅनिक आणि त्याच्या कडेवर बाळ बघावं, हे त्याच्या साहेबांना पटलं नसतं. तिने टाचा काकूंना सगळं सांगितलं. काकूंना तर गंमतच वाटली. फुकट पॅक आणि वर बाळ! शनिवार पक्का झाला. आणि शनिवारी सकाळी साडेसहाला काकूंचा फोन आला. त्यांची बहीण बाथरूममध्ये घसरली होती आणि त्या दवाखान्यात निघाल्या होत्या.

सात वाजता एका हातात बॅग, दुसऱ्या हातात बाळ आणि गळ्यात दुधाच्या बाटल्यांची पिशवी अशी ती सासूबाईंच्या दारात उभी होती. सासूबाई वर्तमानपत्र वाचत होत्या, म्हणजे पेन्सिलीने त्यातल्या चुका काढत होत्या. तिने एका दमात सगळं सांगितलं.

"तोंडाला?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या?"

"पंधरा मिनिटं फक्त, आई. ती एकदा रुळली की धुऊन टाका."

"आण तिला इकडे. कशाला हवीत ही थेरं?"

सासूबाईंनी नातीला घेतलं. नातीने ते बिनरंगी तोंड जवळून पाहिलं आणि टाहो फोडला.

"श्श!" सासूबाई म्हणाल्या. या एका आवाजाने त्यांनी एकतीस वर्षं कॉलेजच्या पोरांना गप्प केलं होतं. बाईसाहेब खरोखरच क्षणभर थांबल्या, कोण बोललं ते बघितलं, आणि मग दुप्पट जोराने सुरू झाल्या.

सासूबाईंनी मुलीला परत दिलं. चष्म्यावरून सुनेकडे बघत म्हणाल्या, "आज नाही गेलीस तर काय होईल?"

ती खोटं बोलणार होती. नाही बोलली. "बॅग माळ्यावर जाईल, आई. आणि तिच्याबरोबर मीही जाईन असं वाटतंय."

सासूबाईंनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली.

"तुझा नवरा कुठे वाढला माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "काउंटरखाली. परत आलेल्या पुस्तकांच्या पेटीत. साहेब फेरीला आले की मी वर वर्तमानपत्र टाकायची. एका वाचकाने तक्रारसुद्धा केली, पेटीतून आवाज येतो म्हणून. मी सांगितलं, उंदीर असेल." त्या खुर्चीत ताठ बसल्या. "लाव. चष्मा काढणार नाही."

लग्नानंतरच्या सहा वर्षांत तिने सासूबाईंच्या चेहऱ्याला पहिल्यांदाच हात लावला. इतकी वर्षं साबणाने झोडपूनही कातडी कशी मऊ राहिली होती! चष्म्याच्या कडेकडेने तिने पॅक लावला.

"आता बोलायचं नाही," ती म्हणाली. "आणि हसायचं नाही."

"त्याची काळजी करू नकोस," सासूबाई म्हणाल्या.

बाईसाहेबांनी वळून बघितलं. हिरवं तोंड, त्यावर चष्मा, म्हणजे तर सोन्याहून पिवळं. त्यांनी हात पसरले. तिने मुलगी दिली, वाटीत थोडा पॅक ठेवला, सहा चेहऱ्यांपुरता डब्यात काढून घेतला, बरणी तशीच टेबलावर राहिली, आणि ती लंगडी बॅग ओढत पळत सुटली.

तिसऱ्या मजल्यावर नुसती धमाल होती. एक मावशी दुसऱ्या मावशीच्या भुवयांना नावं ठेवत होती, आत्याला सगळ्यांत आधी बसायचं होतं, आणि नवरी कोपऱ्यात नखं खात होती, तीच नखं जी रंगवायची होती. तिचे हात सरसर चालू लागले. पण कान फोनकडे. साडेनऊला राहवेना म्हणून बाथरूममध्ये जाऊन तिने सासूबाईंना फोन लावला. कुणी उचलेना. पुन्हा लावला. या वेळी उचलला गेला, पण पलीकडे कुणी बोलेना.

"आई? काय झालं? रडतेय का? आई!"

पलीकडून आवाज आला, "श्श." आणि फोन बंद झाला.

तिला एवढं बरं वाटलं की नवरीच्या भुवया तिने आयुष्यातल्या सगळ्यांत सुंदर भुवया केल्या. बारा वाजता तिसऱ्या मजल्याच्या बाई आरशात स्वतःकडे बघत होत्या, मग तिच्याकडे वळल्या. "चौथ्या आणि सातव्या मजल्याला मी तुझा नंबर दिलाय. मंगळवारपासून मोकळी आहेस ना?"

"बघते," ती म्हणाली. 'जमणार म्हणजे जमणार' असं म्हणायची तिला हिंमत झाली नाही.

सासूबाईंचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत सासूबाई सकाळच्याच खुर्चीत, तशाच ताठ, आणि अजून हिरव्या. खांद्यावर बाईसाहेब गाढ झोपलेल्या, गालांना, मुठींना, एका कानालाही माती लागलेली. वाटी रिकामी होती आणि बरणी अर्धी.

"आई! पाच तास? पंधरा मिनिटं म्हटलं होतं ना मी!"

"श्श!" मग सासूबाई ओठ न हलवता कुजबुजल्या. "एक गाल धुऊन बघितला. लगेच हिचा ओठ बाहेर आला. परत लावला. तीनदा लावला. तो विजेचा मीटर बघणारा आला होता. मी दार उघडलं, तर आकडा न लिहिताच पळाला."

तिने मुलीला अलगद घेऊन पलंगावर ठेवलं आणि टॉवेल ओला करून आणला. सासूबाईंचं कुजबुजत तक्रारी करणं चालूच होतं. "क्षणाची उसंत दिली नाही. दूध सांडलं. अग्रलेख खाल्ला. चष्मा चारदा ओढला. मला नाही जमायचं हे, स्वच्छ सांगते. एक दिवस म्हणजे एकच दिवस."

ती वाकली आणि सवयीने आधी चेहरा वाचला.

ओठांच्या कडेला उभ्या चिरा होत्या, खूप होत्या. नुसत्या 'श्श'ने एवढ्या पडत नाहीत. कुणीतरी इथे तासन्‌तास गप्पा मारल्या होत्या. कपाळ मात्र साफ होतं, एकही आठी नाही. आणि चष्म्याच्या खाली, दोन्ही डोळ्यांखाली, बारीक दाट जाळी. गालांवर कमानी, एकीवर एक. टाचा काकूंच्याही चेहऱ्यावर तिने एवढ्या पाहिल्या नव्हत्या.

इतर कुणी असतं तर तिने रागावून विचारलं असतं, हसलात ना? नऊ वर्षांत पहिल्यांदाच ती गप्प बसली. तिने ओला टॉवेल ठेवला आणि हलक्या हाताने सगळा पुरावा पुसून टाकायला घेतला.

"काय बघतेस?" सासूबाई म्हणाल्या.

"काही नाही. जरा वाळलाय."

शेवटचा गाल पुसून होतो न होतो तोच पलंगावर हालचाल झाली. बाईसाहेब उठून बसल्या होत्या. त्यांनी आजीचं धुतलेलं, लालबुंद, बिनरंगी तोंड पाहिलं आणि खालचा ओठ हळूहळू बाहेर आला. ती मुलीकडे धावणार, एवढ्यात तिचं लक्ष सासूबाईंकडे गेलं. त्या घाबरल्या होत्या. चाळीस हजार पुस्तकं सांभाळलेली बाई एका ओठाला घाबरली होती. त्यांनी झटकन बरणीत बोट बुडवलं आणि स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर हिरवा ठिपका लावला.

ओठ तिथेच थांबला. बाईसाहेबांनी ठिपका पाहिला, चष्मा पाहिला, आणि ओळख पटली.

सासूबाईंनी नातीला उचलून घेतलं. सुनेकडे मात्र बघितलं नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मंगळवारी किती वाजता निघायचंय तुला?"

"मी कुठे म्हटलं मंगळवारी..."

"तिसऱ्या मजल्याच्या बाई ग्रंथालयात यायच्या माझ्या. आत्ता तू तिथून निघालीस तेव्हा त्यांचा फोन आला होता." सासूबाईंनी नाकावरचा ठिपका जपत मान जरा मागे घेतली. "आणि हे हिरवं फार ओढतं तोंडाला. दुसऱ्या रंगाचं काही चालेल का तिला, ते बघ."